तीनटोले खाली उतरले त्याची गोष्ट

माझ्या सासऱ्यांना आमच्या गावात कुणी नावानं हाक मारत नाही. पोस्टमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना तीनटोले म्हणतात आणि तेही त्या नावाला ओ देतात. मी मात्र बाबा म्हणते, कारण सुनेनं सासऱ्यांना तीनटोले म्हणणं बरं दिसत नाही. मनातल्या मनात म्हणते, ती गोष्ट वेगळी.

गाव सोन्याच्या खाणीचं. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी पत्ता सांगायचा तर लोक अजून खाणीवरूनच सांगतात. इंजिनघराच्या मागे, गिरणीच्या उतारावर, वाळूच्या टेकडीपलीकडे. ही टेकडी काही खरी टेकडी नव्हे. दगड दळून, त्यातलं सोनं काढून घेऊन उरलेल्या पिठाचा तो ढीग आहे. वारा सुटला की ते पिवळट पीठ उडून दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसतं आणि मग बायका खाणवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मी बाहेरगावची, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारी. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं होतं, "मुलगा पसंत पडला की दगड?" मी हसून वेळ मारून नेली, पण खरं सांगायचं तर दगड आधी पसंत पडले होते.

बाबा खाणीत कामाला होते असं कुणी म्हटलं, की ते लगेच बोट वर करतात. "खाणीत नाही. खाणीवर." हा फरक त्यांच्या लेखी फार मोठा आहे. शाफ्ट म्हणजे खाणीची खोल, उभी विहीर. तिच्यात लोखंडी दोराला पिंजरा टांगलेला असतो आणि माणसं, दगड, सुरुंगाचं सामान, सगळं त्या पिंजऱ्यातूनच खालीवर होतं. तो दोर ज्या अजस्र ढोलाला गुंडाळतात तो ढोल इंजिनघरात, आणि ढोल फिरवायचा-थांबवायचा दांडा बाबांच्या हातात. गंमत अशी, की इंजिनघर शाफ्टपासून चांगलं लांब असतं. दांडा धरणाऱ्याला ना पिंजरा दिसतो, ना त्यातली माणसं. समोर घड्याळासारखी एक मोठी तबकडी, पिंजरा किती खाली गेला ते दाखवणारा तिचा काटा आणि डोक्यावर एक घंटा. एवढ्यावर सगळा कारभार.

घंटेची भाषाही अगदी थोडक्यात आटोपलेली. तीन टोले आले की समजायचं, पिंजऱ्यात माणसं आहेत. इंजिनवाल्यानं तेच तीन टोले परत वाजवायचे, म्हणजे तिकडच्यांना कळतं की ऐकणाऱ्यानं ऐकलं. मग दोन टोले आले तर खाली सोडायचं, एक आला तर वर ओढायचं. आणि निघण्याआधी बेत रद्द करायचा असेल तर टोल्यांची सरबत्ती, की इंजिनवाल्यानं सगळं सोडून दांडा बंद करून ठेवायचा. दगडांचा पिंजरा तळाला आदळला तरी दगड काही तक्रार करत नाहीत. पण तीन टोले आले की बाबांचा हात बदलायचा. ते दांड्यावर असले की लोक चहाचा भरलेला कप हातात घेऊन पिंजऱ्यात शिरायचे आणि तळाला बशी कोरडीच्या कोरडी निघायची. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

नोकरी संपली, पण टोले काही संपले नाहीत. आमच्या घरात बाबांच्या पाठीवर तीन थापा पडल्याशिवाय स्कूटर हलत नाही. मागं बसणाऱ्यानं नीट बसून तीन थापा मारायच्या, बाबा हँडलवर तीनदा टकटक करून उत्तर देणार, मग एक थाप मारली की निघाली गाडी. मी नवी नवरी. पहिल्यांदा मागं बसले आणि गप्प राहिले. तेही गप्प राहिले. इंजिन धडधडतंय, आम्ही दोघं पुतळ्यासारखे बसलोय, तेवढ्यात भाजीवाली आली, माझ्या माहेरची चौकशी करून गेली, तरी गाडी जागची हलेना. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "अगं, बघतेस काय? ठोक त्यांना!" नव्या सुनेला सासऱ्यांना ठोकायला सांगणारी ही सासू मला त्या क्षणी आवडली.

या नियमापायी बाबांची फजिती एकदाच झाली, पण आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ती जन्मभर विसरणार नाहीत. बाजारातून परत निघताना आईंनी भोपळ्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्या खाली वाकल्या. स्कूटर चालू होती, थरथरत होती. भोपळा बाबांच्या पाठीला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. बाबांनी हँडलवर शिस्तीत उत्तर दिलं. भोपळ्यानं जरा दम खाऊन आणखी एक धक्का दिला, आणि बाबा निघाले. घरापर्यंत त्यांनी भोपळ्याला गावातल्या रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल बरंच काही सांगितलं असणार, कारण दारात गाडी उभी करून "काय गं, पटतंय ना?" असं विचारताना त्यांना माझ्या नवऱ्यानं स्वतः ऐकलं आहे. आई तुटकी चप्पल हातात घेऊन चालत घरी आल्या. "मला टाकून भोपळा घेऊन आलात," एवढंच म्हणाल्या. बाबांचं आजतागायत एकच म्हणणं, "सिग्नल बरोबर होता."

आमच्या घरात मात्र एक टोला असा आहे, जो खाणीच्या सिग्नलांच्या पाटीवर कधीच नव्हता. आमचं घर इंजिनघराला पाठ लावून उभं आहे. खाण चालू होती तेव्हा ढोलाच्या धडधडीत हाक ऐकू येणं शक्यच नव्हतं. दोन्हीकडून जाणारा पाण्याचा एक लोखंडी नळ होता, अजूनही आहे. बाबांची पाळी संपायच्या सुमाराला आई उलथन्यानं त्या नळावर चार टोले मारायच्या. चार म्हणजे जेवायला या. बदली माणसाच्या हातात दांडा देऊन बाबा पाच मिनिटांत पाटावर हजर. आता इंजिनघर शांत आहे, बाबा बहुतेक वेळा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत असतात, हाक मारली तर सहज ऐकू जाईल. तरी आई नळावर चार टोलेच मारतात. चार टोल्यांना बाबा कधी "आलो, आलो" म्हणून चालढकल करत नाहीत, हे बाकी मी माझ्या नवऱ्याच्या कानावर वरचेवर घालत असते.

तर असे हे तीनटोले. अख्ख्या गावाला यांनी खाली सोडलं, वर काढलं, आणि स्वतः मात्र आयुष्यात एकदाही खाली गेले नव्हते. कामावर असताना दांडा सोडता येत नव्हता हे खरं. पण सुट्टीच्या दिवशी कुणी अडवलं होतं? अडवलं होतं ते त्यांच्या स्वभावानं. सुट्टीच्या दिवशी दांड्यावर दुसरं कुणीतरी असायचं. "दुसऱ्याच्या हातावर मी लटकू?" असं म्हणून ते विषय संपवायचे. त्यांच्या मते बरोबरीच्या इंजिनवाल्यांत हा घाई करतो, तो शेवटी झटका देतो, तिसऱ्याचं लक्ष घंटेपेक्षा विडीकडे. फार खूश झाले तर "हात बरा आहे" म्हणणार, आणि ही पदवी मिळवलेला माणूस आम्ही कुणी पाहिला नव्हता. खाणीबद्दल कुणी काही विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "खाली काय आहे ते मला विचारू नका. किती खाली आहे ते विचारा."

आईंचं सगळं याच्या उलट. त्या तरुणपणी दगड निवडायच्या पट्ट्यावर कामाला होत्या. खालून आलेला दगड सरकत्या पट्ट्यावरून जायचा आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या बायका धान्यातले खडे निवडावेत तसा काळा दगड बाजूला काढून पांढरा पुढं जाऊ द्यायच्या. सोनं त्या पांढऱ्यात. इतकी वर्षं सोनं निवडलं, पण डोळ्यांना सोन्याचा कण काही कधी दिसला नाही, कारण दगडातलं सोनं एवढं बारीक, की ते गिरणीत दळून, धुऊन, औषधात मुरवल्यावरच हाती यायचं. बायकांना खाली जायला तेव्हा मनाई होती. आईंना त्याची भारी चीड. "रोज माझ्या हाताखालून जातो, तो राहतो कुठं ते बघायचं नाही? असा कुठला नियम?" हा पांढरा दगड म्हणजे जणू त्यांच्याकडे रोज येणारा आणि कधी घरी न बोलावणारा पाहुणा.

त्यात मी सून म्हणून आले, आणि माझ्या तोंडाला तर दगडाचा विषय निघाला की खीळ नसते. भाजी चिरता चिरता मी आईंना सगळं सांगायची. इथला काळपट हिरवा खडक म्हणजे एकेकाळी समुद्राच्या तळाशी ओतलेला लाव्हा. तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, किडामुंगी नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. पुढं तो खडक दाबला गेला, घडी पडून उभा झाला, त्याला भेगा गेल्या. खोलातून कढत पाणी त्या भेगांमधून वर चढत राहिलं आणि येताना विरघळलेली गारगोटी आणि चिमूटभर सोनं घेऊन आलं. पाणी निवलं तसं सगळं भेगेच्या भिंतींना बसत गेलं. आई हात थांबवून ऐकायच्या. एकदा चहाची जुनी किटली त्यांनी माझ्यासमोर धरली, आत बसलेला पांढरा थर दाखवला आणि म्हणाल्या, "हे असं?" मी म्हटलं, "अगदी असं." त्या दिवसापासून त्या मला सांगतात, की डोंगराच्या किटलीत बसलेलं पांढरं मी निवडत होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता किटलीच दाखवते.

खाणीचा इतिहासही त्यांना तोंडपाठ. कंपनी यायच्या कितीतरी आधी कुणीतरी इथं उथळ खड्डे खणले होते. ती माणसं कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. दगडाशी आग पेटवायची, दगड लाल झाला की वर गार पाणी ओतायचं, तडकला की फोडायचा. काळवंडलेल्या भिंतींचे ते खड्डे पाहूनच पुढं कंपनीवाले आले, त्यांनी शाफ्ट खणला, त्यावर दोराची चाकं पेलणारा लोखंडी मनोरा उभारला, एकसारख्या घरांच्या रांगा बांधल्या आणि भोंग्यावर सगळं गाव उठायला-झोपायला लागलं. शीर, म्हणजे भेगेत बसलेला तो पांढरा पट्टा, खोल जात राहिली, माणसं तिच्यामागं जात राहिली. खाली गेलं तसा उकाडा वाढला, सोनं कमी झालं, आणि एक दिवस भोंगा वाजला तो शेवटचाच. आई म्हणतात, त्या दिवशी अख्खं गाव रडलं. बाबा म्हणतात, धूळ गेली होती डोळ्यांत.

मग मागच्या वर्षी बातमी आली. खाणीच्या कचेरीनं ठरवलं, की उन्हाळ्यापुरता पिंजरा पुन्हा चालू करायचा आणि वरची, सगळ्यांत जुनी गॅलरी, म्हणजे आडवा बोगदा, लोकांना बघायला खुली करायची. तिथं ती पांढरी शीर भिंतीत जशीच्या तशी दिसते. बायका, मुलं, कुणीही जाऊ शकतं. पण फक्त हा एकच उन्हाळा. खालचं पाणी उपसणारे पंप म्हातारे झाले होते आणि पावसाळ्याआधी ते काढून नेणार होते. पंप गेले की पाणी वर चढणार आणि ती गॅलरीही बुडणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

आईंनी ते ऐकलं आणि लोणच्याची बरणी तशीच उघडी ठेवून त्या बाहेरच्या खोलीत आल्या. "अहो, आपण खाली जायचं."

बाबा एकदम खुलले. "जा की! मी स्वतः सोडतो तुला. फुलासारखी सोडतो. मला बोलावलंयच त्यांनी दांड्यावर."

"तुम्ही दांड्यावर, मी खाली. मग दोघांनी बघितलं कुठं?"

"मी कशाला बघायचं? मला काटा दिसतो की."

"तुम्ही बरोबर आलात तर मी जाईन," आई म्हणाल्या, "नाहीतर नाही जाणार." आणि जाऊन त्यांनी बरणीचं झाकण असं लावलं, की ते उघडायला पुढं माझ्या नवऱ्याला बोलवावं लागलं.

आमच्या घरात मग रोजचाच तमाशा. मी बाबांना समजावलं, नवऱ्यानं समजावलं. शेजारचे सुरुंगकाका येऊन समजावून गेले. हे काका जन्मभर खाली सुरुंग लावायचे, त्यामुळे कानानं अधू आणि बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "अरे, इतकी वर्षं मी तुझ्या हातावर लटकलो! तुला एकदा कुणाच्या हातावर लटकवत नाही?" बाबा म्हणाले, "माझा हात मला माहीत होता." आईंनी भांडण काढलं नाही, अबोला धरला नाही, नळावर रोज चार टोले मारले. फक्त रोज संध्याकाळी मनोऱ्याच्या चाकांकडे बघत त्या जरा वेळ दारात उभ्या राहायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे. चिडून मी बाबांना एकदा म्हटलंही, "बाबा, तुमचा हात सोन्याचा असेल, पण डोकं मात्र काळ्या दगडाचं आहे." त्यांनी पेपर वर धरला.

दांड्यावर दुसरं माणूस हवंच होतं, आणि ते निघालं माझी नणंद. वन्सं आमच्या बस चालवतात. घाटातली बस. घाबरणं त्यांना माहीत नाही. त्यांनी अर्ज केला, कचेरीनं घेतलं, आणि शिकवायला अर्थातच तीनटोले. दोघं बापलेक रोज सकाळी इंजिनघरात. उंच खिडक्यांतून ऊन ढोलावर पडायचं, नव्या ग्रीसचा वास यायचा, आणि बाबांच्या जुन्या खुर्चीत, त्यांच्या बुडाच्या मापानं खड्डा पडलेल्या गादीवर वन्सं बसायच्या. पिंजऱ्यात दगड भरायचे, दगडांवर चहाचा भरलेला कप ठेवायचा, पिंजरा खाली सोडून वर आणायचा आणि बशी बघायची. पहिल्या दिवशी कपात चहाच नव्हता. दुसऱ्या दिवशी कपच नव्हता. बाबा एकच शब्द बोलायचे, "पुन्हा." वन्सं घरी येऊन मला म्हणायच्या, "वहिनी, माझ्या बसमध्ये रोज एवढी माणसं चढतात, कुणी मला 'पुन्हा' म्हणत नाही." पण हळूहळू बशीतला चहा कमी होत गेला. बाबांनी कौतुकाचं अक्षर काढलं नाही. पण सुरुंगकाकांशी बोलताना ते एकदा हळूच म्हणाले, "पोरीचा हात..." आणि मी खोलीत आलेली पाहून त्यांनी हवापाण्याचा विषय काढला.

पहिल्या दिवसाची गर्दी काय सांगू! शाळेतली मुलं, जुने खाणवाले, त्यांच्या नातवंडांची नातवंडं असावीत अशी बाळं. कचेरीच्या मोठ्या साहेबांचं भाषण झालं, ते कुणालाच ऐकू गेलं नाही, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रारही नव्हती. पहिल्या खेपेला बाबा दांड्यावर बसणार हे ठरलेलं होतं. मानाची खेप. आणि ठेवणीतली साडी नेसून, पायात बूट घालून आई आल्या. बूट माझ्या नवऱ्याचे.

"येताय ना आई?" मी दबकत विचारलं.

"आलेय ना," त्या म्हणाल्या आणि सरळ पिंजऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, संपलं, बिचारीनं हार मानली. इंजिनघराच्या दारात उभ्या असलेल्या वन्संनी बाबांना सांगितलं, की आई पिंजऱ्यात चढली. पुढचं तिथलं सगळं मला वन्संनीच सांगितलं. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात पुसले, गादीवर नीट बसले. कुणीतरी त्यांना काठोकाठ भरलेला चहा आणून दिला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि कान टवकारले.

पिंजऱ्यात मी, माझा नवरा, सुरुंगकाका, आणखी काही माणसं आणि दोरी ओढून घंटा वाजवणारा कचेरीचा माणूस. त्यानं तीन टोले दिले. लांबून, इंजिनघरातून, तीन टोले परत आले. त्यानं दोन देण्यासाठी दोरीला हात घातला, तेवढ्यात आईंनी दोरी त्याच्या हातातून काढून घेतली.

"बाई, काय करताय?"

"माझ्या घरचं काम आहे," आई म्हणाल्या आणि त्यांनी घंटेची सरबत्ती केली. बेत रद्द. मग पिंजऱ्याचं जाळीचं दार त्यांनी स्वतः सताड उघडलं, श्वास घेतला आणि उलथनं हातात असल्यासारखे, एकेक सुटा, चार टोले मारले.

जुन्या खाणवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, कारण पाटीवर चार टोले कुठंच नव्हते. इंजिनघरात बाबा दांड्यावर हात ठेवून बसलेले. वन्सं म्हणतात, त्यांचे कान आधी लाल झाले. मग ते म्हणाले, "असा सिग्नलच नाही." आईंनी आणखी एकदा चार मारले.

बाबा उठले. बदली माणूस आलेला असताना चार टोल्यांना बसून राहणं त्यांच्या अंगात नव्हतंच मुळी. त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, लेक खुर्चीत बसली, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि न बोलता काढून घेतला. मग शाफ्टच्या दिशेनं चालत येताना आम्हाला ते दिसले. गडबडीत भरलेली कपबशी हातातच राहिली होती, पण थेंब सांडला नव्हता. गर्दीनं वाट करून दिली. ते आत आले, आईंच्या शेजारी उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "लोकांसमोर शोभतं का हे?"

"भोपळा नेलात ना तेव्हा घरी?" आई म्हणाल्या. "आता मला न्या."

जाळी लागली. तीन टोले गेले, तीन परत आले. मग दोन गेले. पायाखालची जमीन सुटली तसे बाबांनी डोळे गच्च मिटले. उजेडाचा तुकडा वर वर जात लहान झाला, ओल्या दगडाचा गार वास आला, आणि बाबांच्या ओठांची हालचाल मला टॉर्चच्या उजेडात दिसत होती. ते ढोलाचे वेढे मोजत होते. आईंनी त्यांचा रिकामा हात धरला होता. "आता हळू कर," ते पुटपुटले, आणि पिंजरा हळू झाला. "आणखी." आणखी हळू झाला. कुठं थांबला ते कळलंही नाही. कुणीतरी जाळी उघडली तेव्हा आम्हाला समजलं, की आपण पोचलो.

बाबांनी एक डोळा उघडला. सगळ्यांनी त्यांच्या हातातल्या बशीकडे बघितलं. कोरडी. सुरुंगकाका ओरडले, "बशी कोरडी!" आणि ते बोगद्यात लांबवर घुमत गेलं.

बाबांनी घसा साफ केला. "हात बरा आहे," ते म्हणाले आणि तो चहा एका दमात पिऊन टाकला.

पुढं काळ्या-हिरव्या भिंतीत, छतापासून पायापर्यंत, ती पांढरी शीर उभी होती. वीतभर रुंद, मध्येच बारीक, मध्येच फुगलेली. मी वर्गात इतक्या वेळा फळ्यावर काढली आहे ती, पण त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि ही काही साधी गोष्ट नव्हे. आई तिच्यापाशी गेल्या, तळवा टेकवला. "हाच," त्या म्हणाल्या. "मोठा झाला नाहीस रे." मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही. बाबा त्यांच्यामागं उभे. शिरेकडे एकदा, आईंकडे बराच वेळ बघत होते. "सुंदर आहे," ते म्हणाले. कशाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही.

परतायची वेळ झाली. कचेरीचा माणूस दोरीकडे गेला, तर बाबा म्हणाले, "मी वाजवू?" आजवर त्यांनी फक्त उत्तरं दिली होती. विचारणाऱ्याच्या बाजूला ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी तीन टोले ओढले. मग शांतता. पाणी ठिबकत होतं तेवढंच. आणि वरून, त्या सगळ्या दगडातून वाट काढत, उत्तर खाली आलं. तीन टोले. बारीक, स्वच्छ.

बाबा दोरी धरून तसेच उभे राहिले. "असं ऐकू येतं होय इथं?"

त्यांचं बोलणं सुरुंगकाकांना ऐकू गेलं नसणार, पण चेहरा दिसला असेल. काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "सगळं आटोपलं, अंग शिणलं, की आम्ही तीन ठोकायचो. तुझे तीन येईपर्यंत कुणी बोलत नसे. ते आले की वाटायचं, वर कुणीतरी आपल्यासाठी बसलंय. आता घरी जायचं."

बाबा बाहीनं डोळे पुसू लागले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि बाई, मीही रडले. इतकी वर्षं ते उत्तर देत राहिले आणि आपण काय देतोय ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी नाक ओढलं आणि लहान मुलासारखं आईंना विचारलं, "आणखी एकदा वाजवू?"

"वाजवा," आई म्हणाल्या.

त्यांनी वाजवले. उत्तर आलं. त्यांनी पुन्हा वाजवले. पुन्हा उत्तर आलं. पिंजऱ्यात उभी माणसं हसायला लागली, कचेरीचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. बाबांनी हट्टानं आणखी तीन ओढले आणि डोळे मिटून कान वर लावले.

या वेळी उत्तर यायला जरा वेळ लागला. मग ते आलं. एकेक सुटा, चार टोले.

कचेरीचा माणूस गोंधळला. "हा काय सिग्नल? पाटीवर चार टोले नाहीत."

"आमच्या घरात आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी दोरी ओढून चार टोले परत दिले, आईंचा हात धरला आणि सगळ्यांच्या आधी जाऊन पिंजऱ्यात उभे राहिले. "चला, चला. पोरगी जेवायला बोलावतेय."